फोसुआच्या तोंडची दवंडी

आसुबोन्यात एखाद्याने शेजाऱ्याची बकरी पळवली तर लोक महिनाभर बोलतात. पण तोच माणूस शेजाऱ्याच्या दारावरून ‘कसं काय’ न विचारता गेला, तर त्याच्या नातवंडांनाही ते ऐकून घ्यावं लागतं. सेरवाला हे पक्कं ठाऊक होतं. पाच वर्षं ती त्या गावात सून म्हणून नांदली होती आणि शेवटच्या दोन वर्षांत तिला तीनदा दंड झाला होता. एकदा गावच्या राजमातेला, एकदा नवऱ्याच्या थोरल्या मामांना आणि एकदा नणंदेला, म्हणजे फोसुआला, विचारपूस न करता पुढे गेली म्हणून. तिन्ही वेळा दंडाची दारूची बाटली हातात घेऊन ती चौकात अनवाणी उभी राहिली आणि तिन्ही वेळा एकच बोलली, “मला दिसलं नाही.”

राजमाता वाटेच्या कडेला, तीन माणसांच्या बाकावर एकट्या मावत होत्या.

“त्या दिसल्या नाहीत, तर तुला दिसतं तरी काय गं?” ओच्यामे डोंकोरने विचारलं होतं, आणि सबंध चौक पोट धरून हसला होता. नाना, म्हणजे गावचे सरदार, कुणाशी थेट बोलत नाहीत. त्यांचं तोंड म्हणजे हा ओच्यामे. तेव्हा ते हसणं सरकारी धरायचं.

तिसरा दंड मात्र हसण्यावारी गेला नाही. फोसुआचं चार महिन्यांचं बाळ तापाने गेलं होतं. घरच्या बायका भिंतीशी ओळीने बसलेल्या. आलेल्या माणसाने उजवीकडून सुरुवात करून डावीकडे एकेकीचा हात हातात घेत जायचं, हा रिवाज. सेरवाने सगळ्यांचे हात घेतले. फोसुआ तेवढी ओळ सोडून बाजूच्या खांबाशी बसली होती. तिने हात पुढे केला आणि सेरवा त्या हाताशेजारून सरळ आत निघून गेली. हात तसाच हवेत राहिला. आणि मागे राहिलेल्या बायकांच्या डोळ्यांत एक भरलं: या पोरबाळ नसलेल्या बाईच्या झंपरावर, छातीशी, दोन ओले डाग होते. दुधाचे.

त्या दोन डागांवर फोसुआने सगळी इमारत चढवली. माझ्या पोराचं दूध हिच्या अंगात गेलं, पोर प्यायली ही, म्हणून तर माझा हात धरवला नाही. हे ती एका वेळी एकाच कानात बोलायची, विहिरीवर, चुलीपाशी, चर्चच्या मागच्या बाकावर. फोसुआ हुशार होती. कुणाला चारचौघांत चेटकीण म्हणणं हा आसुबोन्यात मोठा गुन्हा, आणि तो शाबीत झाला तर बोलणाऱ्याला गावभर दवंडी पिटून शब्द मागे घ्यावा लागतो. कानात बोललेल्याला गुन्हा नाही. सेरवा तक्रार घेऊन गेली तेव्हा ओच्यामेने विचारलं, “कुणी ऐकलं?” कुणीच ऐकलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने, आंपोन्साने, ऐकलं होतं, पण तो त्या वेळी स्वतःच्या चपला न्याहाळत होता. आंपोन्सा स्वभावाने गरीब, म्हणजे शेवटी जो बोलला त्याचा. आणि शेवटी नेहमी बहीण बोलायची. पावसाळ्याआधीच त्याने दोन मामांना सोबत घेऊन सेरवाला तिच्या ट्रंकेसकट माहेरी पोचवलं.

आता सासू गेली होती. शनिवारी अंत्यविधीची बैठक होती आणि सेरवा तिला निघाली होती.

“पाय ठेवू नकोस त्या गावात,” आई म्हणाली.

“पाय कुठे? हात द्यायला चाललेय.”

“मारतील ते.”

“मारणार नाहीत गं. बोलतील. मला तेच हवंय. एकदा फोसुआने तोंड उघडावं, सगळ्यांसमोर. एवढ्यासाठी जातेय.”

आईने तिच्याकडे बघितलं आणि काळ्या लुगड्याची घडी उलगडून दिली. लेकीला नको असलेलं समजावत बसायची आईला सवय नव्हती.

शेअर टॅक्सीत मधल्या जागेवर बसून सेरवाने पिशवीतलं प्लास्टिकचं पाकीट चाचपलं. त्यात दोन कागद होते. ते कसे मिळाले, ती गोष्ट एका हातगाडीपासून सुरू झाली. माहेरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात बाजारात एका गाडीवाल्याने तिला बाजूने धडक दिली आणि वर शिव्याही घातल्या, “बाजूने हत्ती आला तरी दिसायचा नाही का तुला?” सेरवा रताळ्यांच्या ढिगात पडल्या पडल्या विचार करत राहिली. खरंच दिसला नव्हता. गाडी, राजमाता, मामा, फोसुआचा हात, सगळं बाजूलाच होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या माणसाने तिला त्याच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बोट बाजूने हळूहळू पुढे आणलं. “दिसलं की सांगा.” बोट पार त्याच्या गालापर्यंत आलं तेव्हा ती ‘हां’ म्हणाली. दुसरी बाजूही तशीच. त्याने पुन्हा करून पाहिलं. मग तो जरा जास्तच आदराने बोलू लागला आणि तिला कुमासी शहरातल्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे डोक्याचा फोटो निघाला, रक्त तपासलं, आणि डॉक्टर नार्टे नावाच्या बारीक अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या बाईने तिला समोर बसवलं.

“दूध येतं का गं छातीतून?”

सेरवाने झंपरावर पदर ओढला. हा प्रश्न तिला आजवर फक्त चेटूक उतरवणाऱ्या प्रार्थनेच्या छावणीत विचारला होता, तोही केस धरून.

“लाजू नकोस. येतं ना? आणि पाळी?”

“दोन वर्षं नाही.”

“बघ. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, एक ग्रंथी असते. एवढीशी, शेंगदाण्याएवढी. अंगाला हुकूम देणं तिचं काम. वाढ, पाळी, दूध. तुझ्या त्या शेंगदाण्यावर गाठ धरली आहे, पामच्या फळाएवढी, मोठ्या सुपारीइतकी. आणि त्या गाठीला एकच हुकूम देता येतो: दूध. रात्रंदिवस दूध, दूध, दूध. त्या आरड्याओरड्यात पाळी बंद, मूल कुठून राहणार? आता गंमत अशी, की दोन्ही डोळ्यांच्या नसा त्या जागेच्या बरोबर वर एकमेकींना ओलांडतात. गाठ खालून त्यांना रेटते. म्हणून समोरचं दिसतं आणि दोन्ही बाजूंच्या कडा जातात. घोड्याला झापडं बांधतात ना, तसं.”

“कर्करोग?”

“नाही.”

“मग कवटी कधी उघडणार?”

“उघडायची हौस आहे का?” डॉक्टरीण हसली. “सगळ्या गाठींत ही एक शहाणी. गोळी ऐकते. आठवड्यातून दोनदा, पोटभर जेवून घ्यायची. सुरुवातीला मळमळेल, उठताना गरगरेल. काही महिन्यांत गाठ आवळत जाते, दूध थांबतं, डोळे मोकळे होतात. पण मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत, सोडल्या की ती पुन्हा फुगते. गोळीला दाद दिली नाही, तर मग नाकातून शिरून काढतात. तुझ्यावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही.”

सेरवाने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, “हे मला लिहून द्याल?”

“गोळीचं? ते देतेच की.”

“गोळीचं नाही. दुधाचं.”

त्यानंतरचे आठ महिने तिने गोळ्या अशा घेतल्या जशी दुसरी बाई माळेचे मणी ओढते. प्रत्येक गोळीमागे आसुबोन्यातलं एक नाव. तिसऱ्या आठवड्यात झंपर कोरडा राहू लागला. दोन महिन्यांत बाजूने येणारी कोंबडी दिसली आणि ती भर अंगणात मोठ्याने हसली. दवाखान्याने नजरेचे दोन नकाशे काढून दिले. पहिल्यात दोन वर्तुळं, दोन्हींची बाहेरची बाजू डांबरासारखी काळी. दुसऱ्यात तीच वर्तुळं जवळजवळ पांढरी. तेच दोन कागद, पाठीमागे डॉक्टरणीने दुधाचं लिहिलेले, आता पाकिटात होते.

मंडपात तीनशे खुर्च्या होत्या, आणि ती आत शिरली तेव्हा तीनशेही जणांनी मान वळवली. यातलं एकूणएक वळणं तिला दिसलं. पूर्वी दिसलं नसतं. तिने उजव्या टोकापासून सुरुवात केली. नानांसमोर वाकली. राजमातेचा हात दोन्ही हातांत घेतला. “आज दिसले वाटतं मी,” राजमाता म्हणाल्या. “आज तर तुमच्यामागचं झाडसुद्धा दिसतंय,” सेरवा म्हणाली. मामा, मामी, चुलत घरं, चर्चच्या बायका. आंपोन्साचा हात घामट होता. त्याच्या शेजारी त्याची नवी बायको बसली होती, सेरवाने तिचाही हात घेतला, तिच्याशी तिचं भांडण नव्हतं.

डाव्या टोकाला फोसुआ. थोरली लेक, त्यामुळे दुखवट्याची लाल पट्टी कपाळाला बांधलेली आणि शेजारीच अंत्यविधीच्या खर्चाला देणगी देणाऱ्यांची नावं पुकारणाऱ्याचं टेबल. सेरवाची नजर फोसुआच्या तोंडावर होती, पण डाव्या डोळ्याच्या कडेला पुकारणारा होता, त्याच्या हातात माइक होता, आणि माइकवरचा लाल दिवा विझलेला होता. ती शेवटच्या आधीच्या म्हातारीपाशी जरा जास्त रेंगाळली. गुडघ्यांची चौकशी केली. नातवंडांची केली. म्हातारी खुलली आणि दुसऱ्या गुडघ्यावर आली. पुढची यादी वाचायला पुकारणाऱ्याने घसा खाकरला. लाल दिवा लागला.

मग सेरवाने हात पुढे केला.

“वन्सं, त्या दिवशी तुमचा हात राहून गेला होता. आज घेते.”

फोसुआने दोन्ही हात लुगड्याखाली घातले.

सेरवा हलली नाही. हात तसाच. तिच्यामागे रांग थांबली, शेजारच्या गावाहून आलेली गाणारी मंडळी होती, पन्नासेक माणसं, उन्हात. कुणीतरी विचारलं, “पुढे काय अडलंय?” कुणीतरी म्हणालं, “अहो ताई, घ्या की हात, आमचे पाय भाजतायत.” म्हाताऱ्या मावशीने फोसुआला कोपराने ढोसलं, “घे गं. लोक बघतायत.”

“बघू देत.”

“घ्या ना, वन्सं,” सेरवा गोड आवाजात म्हणाली. “कोरडा आहे. सगळंच कोरडं आहे आता.”

फोसुआचं तिथे सुटलं. “चेटकीण! माझं पोर प्यायलीस आणि हात कसला देतेस? चेटकीण आहे ही! प्यायली माझ्या पोराला!”

चारही कर्ण्यांतून ते मंडपावर, चर्चवर आणि पलीकडच्या पेट्रोलपंपावर गेलं. पुकारणाऱ्याने घाबरून माइक मांडीखाली दाबला, पण शब्द निघून गेला होता. ओच्यामे डोंकोर काठी टेकत उठला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि निरुपायाने म्हणाला, “नानांनी ऐकलं.”

सेरवाने हात खाली घेतला. हाताचा दंड दुखत होता. इतकं बरं तिला आठ महिन्यांत वाटलं नव्हतं.

सोमवारी नानांच्या अंगणात सुनावणी झाली. सेरवाने कागद मांडले. डोंकोरने ते हातात घेऊन बराच वेळ गंभीरपणे पाहिले, उलटे.

“कागद कुणीही काळा करील,” फोसुआ म्हणाली. “माझा तवा आणा, मी अशी वीस वर्तुळं काढून देते.”

“ओच्यामे, जरा माझ्या नाकाकडे बघा,” सेरवा म्हणाली.

“तुझ्या नाकात काय आहे?”

“काही नाही. पण तिथेच बघत राहा.” तिने बाजूने बोट आणलं. “दिसलं की सांगा.”

“दिसलं. कधीचंच दिसलं.”

“मला हे बोट असं इथे आल्यावर दिसायचं.” तिने बोट जवळजवळ त्याच्या मिशीला लावलं. “तीन बाटल्या घेतल्यात माझ्याकडून. त्या वेळी असं एकदा बोट धरलं असतंत तर एकही लागली नसती.”

डोंकोरला चौकातला स्वतःचा विनोद आठवला असावा. त्याने मिशी पुसली. नाना हसले नाहीत, म्हणजे अंगणातही कुणी हसलं नाही.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” सेरवा पुढे म्हणाली. “गुरुवारी माझी तपासणी आहे. वन्संनी यावं, ओच्यामेंनी यावं. डॉक्टरणीलाच विचारा.”

गुरुवारच्या गाडीत फोसुआ आणि सेरवा शेजारी बसल्या होत्या, मधे डोंकोरची काठी. कुमासीत डॉक्टर नार्टेने फोसुआला बघून पहिलंच वाक्य टाकलं, “तुम्ही घरच्या का? फार बरं केलंत सोबत आलात. असं माणूस असलं की पेशंट निम्मा तिथेच बरा होतो.” सेरवाने मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. मग डॉक्टरणीने डोक्याचे दोन फोटो उजेडावर लावले, आधीचा आणि आताचा, आणि फोसुआचंच बोट धरून गाठीवरून फिरवलं. शेंगदाणा, पामचं फळ, नसांची ओलांडणी, दूध, गोळी. फोसुआने एकच विचारलं, “हे दूध... दुसऱ्या कुणाचं नसतं?”

“दुसऱ्याचं कसं असेल हो? हिच्याच अंगाचं. बिचारीला स्वतःचं मूलसुद्धा होऊ दिलं नाही त्या गाठीने.”

परतीच्या वाटेवर डोंकोर बाहेर बघत अधूनमधून स्वतःचं बोट डोळ्याच्या बाजूने फिरवून पाहत होता.

निकाल लागला: एक मेंढी, दोन बाटल्या, आणि दवंडी.

“मेंढी नको,” सेरवा म्हणाली. “मेंढी लोक खातात आणि विसरतात. माझ्या तिन्ही बाटल्या तेवढ्या कुणी विसरलं नाही. दवंडीवाल्याने नुसती घंटा वाजवावी. बोलायचं वन्संनी. चारही नाक्यांवर. डॉक्टरणीने सांगितलं तसंच्या तसं. दवंडीवाला बिचारा तिथे नव्हता, तो काय सांगणार?”

“चारही?” डोंकोरने विचारलं.

“चार कर्णे होते.”

नानांनी डोंकोरच्या कानात काही सांगितलं. “नाना म्हणतात, बरोबर आहे.”

शुक्रवारी सकाळी दवंडीवाला पुढे, त्याच्यामागे फोसुआ, मागे दोन म्हातारे साक्षीला, आणि चार पावलं सोडून सेरवा. पहिल्या नाक्यावर फोसुआ पुटपुटली, “सेरवाला डोळ्यांचा आजार होता. मी चुकून बोलले.” दवंडीवाला घंटा काखेत मारून निघाला.

“दूध राहिलं, वन्सं,” सेरवा मागून म्हणाली.

पुन्हा घंटा वाजली. फोसुआने पुन्हा सांगितलं, दुधासकट. दुसऱ्या नाक्यावर शेंगदाणा आला. तिसऱ्यावर, बाजारात, गर्दी जमली आणि लोक प्रश्न विचारू लागले. “म्हणजे डोक्यातून दूध येतं?” “डोक्यातून नाही,” फोसुआ खेकसली, “डोकं हुकूम देतं, दूध छातीतूनच येतं, जरा ऐकायला शिका!” “आणि डोकं नाही फोडलं?” “गोळ्या! सांगितलं ना, गोळ्या! आठवड्यातून दोनदा, जेवून!” सेरवाला वाटलं, डॉक्टरणीपेक्षा ही बरी सांगते. तिने पदर खोचला. प्रत्येक शब्द ती असा गिळत होती जसा उपाशी माणूस सूप पितो, वाटीच्या तळापर्यंत.

चौथा नाका म्हणजे फोसुआच्याच घरासमोरची जागा. आत तो खांब दिसत होता. दवंडीवाल्याने घंटा वाजवली. शेजारपाजार बाहेर आला.

“सेरवाच्या मेंदूखाली गाठ होती,” फोसुआ म्हणाली. “तिला बाजूचं दिसत नव्हतं. ती माझा हात टाळून गेली नाही, तिला तो दिसला नाही.” आणि थांबली.

सेरवा वाट बघत राहिली. साक्षीदार म्हातारा हळूच म्हणाला, “पुरे की पोरी, तीनदा झालं.”

“दूध,” सेरवा म्हणाली.

फोसुआ खांबाकडे बघत होती. “तिचं दूध गाठीचं होतं,” ती म्हणाली. “तिच्याच अंगाचं. माझ्या पोराचं नव्हतं. माझ्या पोराला कुणी...” मग ती वळली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच नीट सेरवाच्या तोंडाकडे बघून, दवंडीच्या आवाजात नव्हे, म्हणाली, “तू प्यायली नाहीस, तर मग कशाने गेलं गं ते?”

“ते माझ्या कागदावर नाही, वन्सं.”

हे वाक्य तिने तीन दंडांपासून कुठेतरी धार लावून ठेवल्यासारखं निघालं, आणि बरोबर बसलं. दवंडीवाला गेला. म्हातारे गेले. सेरवाही वळली आणि टॅक्सीच्या थांब्याकडे चालू लागली. तिने मागे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. वाट घरावरून वळसा घेत जात होती, आणि उजव्या डोळ्याच्या अगदी शेवटच्या कडेला, तिथे जिथे वर्षभरापूर्वी नुसता अंधार होता, फोसुआ तिच्या खांबाशी खाली बसताना स्पष्ट दिसली. हात तसाच थोडा पुढे, उघडा. सेरवा चालत राहिली, आणि घर पार मागे पडेपर्यंत तो हात दिसतच राहिला.